परवाना आणि पारध

१८३६ साली मुंबई इलाख्याच्या फौजेतील विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस नावाचा एक अभियंता अधिकारी प्रकृतीच्या कारणास्तव दीर्घ रजा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप वसाहतीत उतरला, आणि हवापालटासाठी मिळालेला तो अवकाश विश्रांतीत न घालवता, बैलगाड्यांचा तांडा जमवून, मुंबईच्याच मुलकी खात्यातील एका स्नेह्यासह त्याने उत्तरेकडील मुलखाची वाट धरली. तिथे अंमल होता तो मातबेलेंचा राजा म्झिलिकाझी याचा; त्याला नजराणे पेश करून, त्याची अनुज्ञा मिळवूनच हॅरिसला पुढे जाता आले. मॅगॅलीसबर्गच्या डोंगरांत त्याला खड्गाप्रमाणे मागे वळलेल्या शिंगांचे एक काळेभोर कुरंग दिसले. युरोपीय प्राणिशास्त्राला ते तोवर अज्ञात होते. हॅरिसने त्याला मारले, त्याचे चित्र रेखाटले आणि १८३८ मध्ये आपला वृत्तांत मुंबईत छापून प्रसिद्ध केला. पुढे १८४८ मध्ये पुण्याजवळ त्याचा अंत झाला.

हस्तिदंतासाठी, मांसासाठी, कातड्यासाठी आफ्रिकेत शिकार त्यापूर्वीही होतच होती. परंतु ज्या प्रवासाचे प्रयोजनच शिकार आहे, आणि ज्या शिकारीचे फळ म्हणजे एक ग्रंथ व शिकाऱ्याची कीर्ती, अशा प्रवासाचा आरंभ माझ्या मते हॅरिसपासून धरावा. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित इंग्रजाच्या मनात वन्य पशूसमोर उभे राहणे ही पौरुषाची, धैर्याची आणि निरीक्षणशक्तीची एकत्र परीक्षा होऊन बसली. त्या परीक्षेचे मोल मात्र पशूंनी दिले. हॅरिसने ज्याचे कळपच्या कळप पाहिले व रंगविले, त्या क्वागा नावाच्या अर्ध्या पट्ट्यांच्या झेब्र्याचा अखेरचा जीव १८८३ च्या ऑगस्टात ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मावळला.

शतक सरता सरता शिकारी आणि हुकूमत यांचे नाते निकटचे झाले. फ्रेडरिक सेलूस हा हत्तींच्या शिकारीवर उपजीविका करणारा मनुष्य, पण त्याच्या पायाखालच्या वाटा इतक्या परिचयाच्या होत्या, की १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीची तुकडी माशोनालँडमध्ये शिरली तेव्हा वाटाड्या म्हणून तोच पुढे चालला. पूर्व आफ्रिकेत तर निसर्गानेच जणू मुलूख रिकामा करून दिला. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लाल समुद्राच्या किनाऱ्याकडून शिरलेल्या बुळकांडीने मसाई पशुपालकांची गुरे जवळजवळ नामशेष केली, मागोमाग देवी आणि दुष्काळ आले, आणि वस्त्या उठल्या. त्यानंतर मोंबासाहून निघालेली रेल्वे, जिच्या बांधकामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते, ती १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरास भिडली. तिच्या डब्यातून ज्यांनी ते विस्तीर्ण माळ पाहिले, त्यांना वाटले की सृष्टीच्या आदिकाळापासून ही भूमी अशीच निर्मनुष्य असावी. या समजुतीतून पुढे जे कायदे निघाले, त्यांचा विचार करताना बुळकांडीचा तो काळ विसरता कामा नये. कारण उजाड झालेल्या संसारालाच येथे निसर्गाचे मूळ रूप मानले गेले.

१९०९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे नुकतेच निवृत्त झालेले अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले, तेव्हा शिकारीच्या प्रवासाची ही संस्था आपल्या पूर्ण वैभवाला पोचली होती. तिची सारी घडण व्यापारी तांड्यांकडून आलेली होती. झांझिबारचे सावकार भांडवल घालीत, मुकादम माणसे जमवीत आणि न्यामवेझी जमातीचे हमाल दंताचे ओझे किनाऱ्यापर्यंत वाहून आणीत, तीच व्यवस्था आता तंबू, काडतुसे आणि मेजवानीचे सामान वाहू लागली. एका हमालाच्या माथ्यावर साठ पौंड ओझे, हा दंडक. रूझवेल्टांनी वाचनासाठी निवडलेली पुस्तके डुकराच्या कातड्यात बांधून, ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवून नेली होती, आणि त्या पेटीचे वजन एका माणसाच्या ओझ्याइतकेच राहील अशी तजवीज केलेली होती. महाकवी आणि इतिहासकार एका अनामिक माणसाच्या मस्तकावरून विषुववृत्त ओलांडीत होते, हे चित्र मी वारंवार डोळ्यांपुढे आणतो. कातडी खारविण्यासाठी चार टन मीठ बरोबर होते. रूझवेल्ट आणि सोबत आलेला त्यांचा मुलगा यांनी मिळून ५१२ पशू मारले, त्यांतील पुष्कळ वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी.

अनुज्ञा देणारा आता राजा नव्हता, कचेरी होती. पूर्व आफ्रिकेत त्या काळी चलन हिंदुस्थानी रुपयाचेच असल्याने परदेशी शिकाऱ्याचा परवाना ७५० रुपयांना मिळे, आणि कोणता पशू किती मारावा याची मर्यादा त्यात नमूद असे. मर्यादेची ही कल्पना खुद्द शिकाऱ्यांनीच पुढे आणली, हे त्यांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. १९०० मध्ये लंडनला वसाहतींच्या सत्तांनी वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा करार केला, १९०३ मध्ये साम्राज्यातील प्राणिरक्षणासाठी मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या सभासदांत एके काळी अमर्याद संहार केलेली माणसे बरीच होती. त्यांचा पश्चात्ताप मला खोटा वाटत नाही. जो पशूच्या मागावर दिवसचे दिवस चालतो, त्याच्या मनात त्या पशूविषयी आदर उपजतोच. डेनिस फिंच हॅटनसारखा व्यवसायी शिकारी १९२९ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून मोटारीत बसून सिंह मारणाऱ्यांवर कडाडून टीका करतो आणि आपल्या राजघराण्यातील पाहुण्याच्या हाती कॅमेरा देतो, यात त्या आदराचीच परिणती आहे.

परंतु या संयमाला एक कठोर बाजू होती. जो हौसेखातर मारतो आणि मोजून मारतो तो सज्जन, आणि जो पोटासाठी मारतो तो चोर, असा विवेक कायद्याने प्रस्थापित केला. केनियातील त्सावोच्या पूर्वेस राहणारे वाटा लोक परंपरेने हत्तींचे पारधी. त्यांचे धनुष्य ओढायला शंभर पौंडांहून अधिक बळ लागे. अकोकँथेरा नावाच्या झाडाचा पाला व लाकूड तासन् तास उकळून केलेले काळे, डांबरासारखे विष ते बाणाच्या पात्यामागे लेपीत. हत्तीच्या अगदी निकट, वारा पाहून, पायी जाऊन बाण सोडायचा. शौर्याची जी कसोटी परदेशी पाहुणा पैसे मोजून शोधीत होता, ती या माणसाच्या नित्य वहिवाटीत होती. १९४८ मध्ये त्सावो राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५६-५७ च्या मोहिमेत वाटा पारध्यांना पकडून तुरुंगात घालण्यात आले. १९५९ मध्ये सेरेंगेटीच्या उद्यानातून मसाईंना आपली गुरे घेऊन बाहेर पडावे लागले. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, तंबूच्या जागी विश्रामगृहे उठली, १९७७ मध्ये केनियाने शिकारीस संपूर्ण मज्जाव केला. तथापि प्रेक्षकासाठी भूमी निर्मनुष्य असावी, हा आग्रह शिकाऱ्याकडून छायाचित्रकाराकडे जसाच्या तसा आला.

वाटांना हत्ती मारण्याचा कायदेशीर हक्क देऊन, मांस व दंत यांचे उत्पन्न त्यांच्याच पदरी पडावे, असा एक प्रयोग १९६० मध्ये गालाना नदीकाठी झाला होता. तो टिकला नाही, पण प्रश्न त्याने नेमका ओळखला होता. त्याचे उत्तर देण्याचा अधिक धीराचा प्रयत्न मला नामिबियात दिसतो. तिथे १९९६ च्या कायद्याने सामाईक जमिनीवरील गावांना आपापली संरक्षित क्षेत्रे स्थापून वन्य प्राण्यांवर हक्क सांगता येतो. पर्यटनाचे आणि मर्यादित शिकारीचे उत्पन्न गावाच्या खात्यात जमा होते, मांस घरोघर वाटले जाते, आणि राखणदार गावातलेच असतात. परदेशी धनिकाने गेंडा किंवा हत्ती मारावा ही गोष्ट मनाला अजूनही खुपते, माझ्याही खुपते. पण ज्यांच्या शेतात रात्री हत्ती उतरतो, त्यांनी पंचायतीत बसून ठरविलेल्या मर्यादेला, ज्यांच्या शेतात तो कधीच उतरत नाही अशा आपण दूरच्या माणसांनी कोणत्या अधिकाराने हरकत घ्यावी, हे मला सांगता येत नाही.