दान कोणाचें आणि देणें कोणाचें?



आमच्या परिचयाच्या एका खेड्यांतील मंडळीच्या शाळेचें छप्पर एका वर्षीं मृगापूर्वींच्या वावटळींत उडून गेलें. मंडळीनें वर्गणी जमविली, अंगमेहनतीनें भिंती पुन्हा उभ्या केल्या, परंतु पत्र्यांपुरता पैसा कांहीं केल्या जुळेना. तेव्हां त्या गांवचा दुकानदार उपदेशकाकडे आला. हा गृहस्थ तीस वर्षांपूर्वीं परप्रांतांतून एक वळकटी घेऊन त्या गांवीं आला होता व तेथेंच स्थायिक झाला होता. तो म्हणाला, "गुरुजी, पत्रे माझ्याकडून घ्या." हाच गृहस्थ व्याजबट्ट्याचाही धंदा करी, आणि मंडळींतील दोन कुटुंबें त्याच्या खात्यावर होतीं.

त्या रात्रीं पंच बसले. आम्हीही त्या प्रसंगीं तेथें होतों. एक वृद्ध सभासद म्हणाले, "हे पत्रे त्याचे नाहींतच. आमच्या कापसाचे आहेत. आमचेंच आम्हांला परत मिळणार, आणि वर हात मात्र आम्ही जोडायचे काय?" दुसरे एक म्हणाले, "पोरें पावसांत भिजतात. पैसा कोणाचा तें पावसाला जाऊन विचारा." दोघांचेंही म्हणणें आम्हांस खरें वाटलें, आणि म्हणूनच उत्तर देणें कठीण झालें.

हा प्रश्न एका गांवचा नाहीं. बाहेरून येऊन, व्यापारानें संपन्न होऊन, मग शाळा व धर्मकृत्यें यांकडे वळलेल्या माणसाचें देणें आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचें मोठें उदाहरण आपल्या वर्धा जिल्ह्यांतच घडलेलें आहे. तें शेठ जमनालाल बजाज यांचें होय.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, वर्धा हें शहरच मुळीं फार जुनें नव्हे. हा जिल्हा १८६२ सालीं निराळा करण्यांत आला, आणि पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं १८६६ सालीं हें शहर वसविण्यांत आलें. आगगाडी आली, हिंगणघाटचा कापूस दूरदेशीं जाऊं लागला, आणि त्या कापसामागून राजपुतान्याकडील व्यापारी आले. त्यांनीं कापूस घेतला, रक्कम कर्जाऊ दिली, आणि कर्ज फिटेना तेव्हां मध्यप्रांतांतील पुष्कळ गांवांची मालगुजारीही त्यांच्या हातीं गेली. शेतकऱ्यानें त्यांच्या वहीवर अंगठा उठविला, व पाठीमागें त्यांस बोल लावला. दोन्ही गोष्टी तेव्हांपासून चालत आल्या.

अशा पेढ्यांपैकीं एक शेठ बच्छराज यांची होती. त्यांचा मुलगा निपुत्रिक वारला होता. सीकर संस्थानांतील काशी का बास या गांवीं ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं जन्मलेला जमनालाल नांवाचा मुलगा त्यांनीं १८९४ च्या सुमारास नातू म्हणून दत्तक घेतला. मुलाच्या जन्मदात्यांनीं त्याबद्दल द्रव्य घेतलें नाहीं. त्या निर्जळ मुलुखांतील गांवकऱ्यांसाठीं एक विहीर मात्र शेठजींनीं खोदून दिली, अशी कथा त्यांच्या चरित्रांत आढळते. मुलगा वर्ध्यास आला. शाळेंत तो जेमतेम चार इयत्ता शिकला. पुढें ज्यानें इतक्या शाळा काढिल्या त्याची स्वतःची शाळा इतकीच होती.

आतां त्यांच्या आयुष्यांतील ज्या प्रसंगापाशीं आम्हांस थांबावेसें वाटतें तो सांगतों. जमनालाल सतरा वर्षांचे असतां एका लग्नास जावयाचें होतें. आजोबांची इच्छा कीं नातवानें हिरेमोत्यांचे दागिने अंगावर घालावे. नातू राजी होईना. वृद्ध शेठजी तापट होते. ते नाहीं नाहीं तें बोलले, आणि आपल्या पैशाचीही जाणीव त्यांनीं नातवास करून दिली. मुलगा घर सोडून निघाला, व त्यानें आजोबांस मुद्रांकाच्या कागदावर पत्र लिहून पाठविलें. त्याचा आशय असा कीं, आपल्या संपत्तीवर माझा कांहींएक हक्क नाहीं व पुढेंही मी तो सांगणार नाहीं. अंगावरच्या कपड्यांखेरीज मीं कांहीं नेलेलें नाहीं. माझ्या मनांत आपल्याविषयीं राग नाहीं. आजोबांचें मन द्रवलें, त्यांनीं त्यास शोधून परत आणिलें. आणि पुढें थोड्याच दिवसांत ते वारल्यावर ती सर्व संपत्ति त्याच मुलाकडे आली.

वाचकहो, येथें थोडा विचार करा. जी वस्तु आपण लेखी सोडून दिली ती दैवानें पुन्हा आपल्या ओंजळींत टाकिली, तर ती आपली झाली काय? कायदा म्हणेल, झाली. परंतु मनाचें न्यायासन निराळें असतें. जमनालालजींनीं पेढी चालविली, व्यापार वाढविला, १९३१ सालीं साखरेचा कारखानाही काढिला. तथापि त्या संपत्तीचे आपण मालक नसून रखवालदार आहों, ही भावना त्यांच्या मनांतून गेली नाहीं असें त्यांच्या पुढील वागणुकीवरून दिसतें. गांधीजी ज्यास विश्वस्तपणा म्हणत, त्याचा धडा त्यांस गांधीजींची भेट होण्यापूर्वींच त्या एका पत्रानें मिळाला होता.

दान करावयास त्यांनीं संपत्तीची वाट पाहिली नव्हती. लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ति नागपुरास निघावयाची होती, तेव्हां हातखर्चाच्या रोजच्या एका रुपयांतून सांठविलेले शंभर रुपये त्या मुलानें देऊन टाकिले. पुढें लाखांनीं दिलें तरी त्या शंभरांइतका आनंद पुन्हा झाला नाहीं, असें ते सांगत. मंदिरांत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट जाणणारांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

शिक्षणाकडे ते कसे वळले हें पाहण्याजोगें आहे. त्यांनीं आरंभ आपल्या जातीपासून केला. व्यापाऱ्यांच्या मुलांस हिशेबापलीकडे कांहीं यावें म्हणून वर्ध्यास मारवाडी विद्यालय निघालें, आणि १९१४ सालीं मारवाडी शिक्षा मंडळ स्थापन झालें. पुष्कळांचें दान याच कुंपणांत जन्मतें व याच कुंपणांत मरतें. परंतु येथें कुंपण हळूहळू पडत गेलें. विद्यालयाचें नांव बदलून नवभारत विद्यालय झालें. मंडळाच्या नांवांतील जात गळून पडली व तें नुसतें शिक्षा मंडळ राहिलें. १९४० सालीं वर्ध्यास वाणिज्य महाविद्यालय निघालें, तें गोविंदराम सेकसरिया यांच्या नांवानें चालू झालें.

दरम्यान जमनालालजींचें आयुष्यच पालटलें होतें. १९२० सालच्या नागपूरच्या काँग्रेसच्या वेळीं त्यांनीं गांधीजींस, मला आपला पांचवा मुलगा समजा, अशी विनंती केली. जो एकदां दत्तक गेला तो स्वेच्छेनें दुसऱ्यांदा दत्तक गेला. त्यांनीं सरकारची रायबहादुर ही पदवी परत केली. वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या निर्वाहासाठीं एक लाख रुपये दिले. त्यांच्या विनंतीवरून विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले व आश्रम चालवूं लागले. १९३४ सालीं जमनालालजींनीं आपली बाग ग्रामोद्योग संघास दिली, तीच मगनवाडी. सेगांवच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा त्यांचा होता. तेथें गांधीजी १९३६ सालीं राहावयास गेले, आणि १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें.

मगनवाडीचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें ते जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते, आणि नवभारत विद्यालयाचे मुख्य झालेले आर्यनायकम् हेही सिलोनचे ख्रिस्ती होते. मारवाडी शेठजीच्या जागेंत तामीळ ख्रिस्ती मनुष्य तेल्याच्या घाणीचा व हातकागदाचा अभ्यास करीत बसला आहे, हें चित्र आपल्या उपदेशकबंधूंनीं डोळ्यांपुढें आणावें. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली, ती याच विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें. मुलांस सात वर्षें मोफत शिक्षण असावें, तें मातृभाषेंतून असावें, आणि हस्तव्यवसायाच्या योगें असावें, हा विचार तेथें मान्य झाला व त्याची योजना तयार करण्याचें काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे गेलें. जातीपुरती काढलेली शाळा पंचवीस वर्षांत साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार करण्याची जागा झाली.

आतां म्हाताऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे येऊं. हा पैसा शेतकऱ्याच्या कापसाचाच नव्हे काय? त्याचा मोठा भाग तसाच होता, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. आणि बजाज घराणें दान करून निर्धन झालें असेंही नाहीं. त्यांचे उद्योग पुढें फार मोठे झाले. दानानें मिळकतीचा इतिहास पुसला जात नाहीं. जक्कयाची गोष्ट आपण मुलांस शिकवितों, पण तिच्यांतील एक बारकावा विसरतों: त्यानें गरिबांस अर्धें देण्याचें बोलून तेथेंच थांबला नाहीं, ज्यांस नाडलें त्यांस चौपट परत करण्याचें निराळें वचन त्यानें दिलें. दान एक, आणि परतफेड दुसरी. एकीनें दुसरी फिटत नाहीं.

मग दात्याची पारख कशी करावी? जमनालालजींच्या चरित्रावरून आम्हांस तीन खुणा दिसतात.

पहिली, दाता आपल्या दानास उपकार समजतो कीं देणें समजतो. उपकार समजणारा आभाराची वाट पाहतो; देणें समजणारास तें फिटल्यावर हलकें वाटतें.

दुसरी, दान त्याच्या कुंपणाबाहेर जाऊं शकतें कीं नाहीं. जें दान फक्त आपल्या नात्यागोत्यांत फिरतें तें एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेल्यासारखें होय.

तिसरी खूण सर्वांत कठीण. दात्यास पैशाखेरीज कांहीं गमवावें लागलें काय? १९२८ सालीं जमनालालजींनीं आपल्या घराण्यानें बांधलेलें वर्ध्याचें लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें. यास एक पैसाही खर्च आला नाहीं. पण जातीचा रोष आला, बहिष्काराच्या धमक्या आल्या, घरोब्याचे लोक दूर झाले. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबापणजोबांस देवळाची पायरी व गांवची विहीर निषिद्ध होती. त्यांना आम्हीं हें समजावून सांगावयास नको. त्यांची वाट त्या देवळांतून गेली नाहीं, दुसरीकडून गेली; तरीही तो दरवाजा उघडणाऱ्यानें काय पणाला लाविलें हें त्यांच्याइतकें कोण जाणेल? जानकीदेवींनीं पडदा टाकिला व सोन्याचे दागिने उतरविले, तेंही अशाच मोलाचें होतें. मोठ्या रकमेपेक्षां हें देणें आम्हांस मोठें वाटतें, कारण पैसा देणारा आपल्या जागीं बसून देऊं शकतो. मान देणारास आपली जागा सोडावी लागते. शेवटीं जमनालालजींनीं आपला वाडाही सोडला व गोपुरींत झोंपडी करून ते गोसेवेंत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं ते वर्ध्यास निवर्तले.

घेणाऱ्याचाही एक धर्म आहे, आणि तो आपण क्वचितच शिकवितों. आंधळेपणानें नाकारणें हा अभिमान, व आंधळेपणानें स्वीकारणें हें लाचारपण. बाहेरून आलेला म्हणून कोणास परका म्हणणें तर आपणांस मुळींच शोभत नाहीं. आपल्या शाळा ज्यांनीं प्रथम काढिल्या तेही समुद्रापलीकडून आलेले होते. मनुष्य कोठून आला यावरून नव्हे, तर आलेल्या गांवाचें देणें तो मानतो कीं नाहीं यावरून तो आपला कीं परका हें ठरतें.

त्या रात्रीं पंचांनीं शेवटीं असें ठरविलें: पत्रे घ्यावे, पण दुकानदारास आधीं सांगावें कीं, आपल्या दोन कुटुंबांचीं खातीं त्यानें चार माणसांदेखत तपासून घ्यावीं. उपदेशक व एक पंच त्याच्याकडे गेले. तो रागावला. "मीं दान दिलें, तुम्ही हिशेब मागतां," असें म्हणून त्यानें त्यांस वाटेला लाविलें. आठ दिवसांनीं तो स्वतःच वही घेऊन आला. एका खात्यांतील व्याज त्यानें पुष्कळ कमी केलें. दुसऱ्या खात्याबद्दल मात्र तो एक पैही सोडावयास तयार झाला नाहीं. त्याच्या मतें तें बरोबर होतें.

पंचांनीं पत्रे घेतले. भिंतीवर कोणाचेंही नांव घातलें नाहीं, आणि त्यानेंही तसा आग्रह धरिला नाहीं. शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशीं ज्याचें खातें जसेंच्या तसें राहिलें तो मनुष्य आला नाहीं. त्यास कोणीं दोष दिला नाहीं. त्याचा मुलगा मात्र रोज येतो व त्याच पत्र्यांखालीं बसून हिशेब शिकतो. तो हिशेब त्यास नीट यावा, एवढीच आमची देवाजवळ मागणी आहे; म्हणजे आपल्या बापाची वही त्यास स्वतः वाचतां येईल, आणि उद्यां तो स्वतः दुकान मांडील तेव्हां दुसऱ्याचीही.