नोंद म्हणजे फळ नव्हे

अमेरिकेच्या सैन्यातून सेवामुक्त होणाऱ्याच्या हाती एक कागद दिला जातो. १९५० पासून तो डीडी-२१४ या नावाने ओळखला जातो. सेवा किती काळ झाली, कोणत्या हुद्द्यावर झाली, कोणती पदके मिळाली, हे सगळे त्यावर लिहिलेले असते. कधी कारकुनाच्या घाईत, कधी तुकडीचा आदेश वेळेवर न पोचल्याने एखादे पदक त्यावर चढवायचे राहून जाते. कधी तर पदकच नंतर जन्माला येते. कोरियातील सेवेचे पदक काँग्रेसने २००२ मध्ये निर्माण केले आणि २८ जुलै १९५४ पासूनच्या सेवेला ते लागू केले. तोवर घरी परतलेल्या कुणाच्याही कागदावर ते असणे शक्यच नव्हते. मग उतारवयात हे सैनिक, किंवा त्यांच्या पश्चात त्यांची मुले, नोंद दुरुस्त करून मागतात. फळाची आस न धरता कर्म करावे, हा विचार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांना या मागणीविषयी थोडा संकोच वाटतो. कर्तव्य केले, ते संपले; आता धातूच्या तुकड्यासाठी आणि कागदावरच्या एका ओळीसाठी अर्ज कशाला?

हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या गेल्या आहेत. आपल्या दर्शनकारांनी कर्मविचारात दोन दोष पुन्हा पुन्हा सांगितले: कृतहानी आणि अकृताभ्यागम. केलेले वाया जाणे हा पहिला, न केलेले पदरात येणे हा दुसरा. सगळेच क्षणिक मानले तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा ठरेल, आणि हे दोन्ही दोष येतील, असे बौद्धांना सुनावले गेले. बौद्ध आचार्यांनी त्यावर ‘मग येऊ द्या’ असे म्हटले नाही. कार्यकारणाची साखळी अखंड असल्याने आमच्या मतात हे दोष येतच नाहीत, असे त्यांनी मांडले. आत्म्याविषयी टोकाचे मतभेद असलेले हे पक्ष एका बाबतीत एकमताचे होते: केलेले पुसले जाणे हा दोष आहे. फळाचा त्याग शिकवणाऱ्या परंपरेनेच हे सांगितले आहे, आणि त्यात विसंगती नाही. कर्म कर्त्याचे म्हणून मान्य झाले तरच फळ सोडण्याला अर्थ येतो. नावावर जे कधी जमाच झाले नाही, ते सोडणार कसे? शिवाय निष्कामतेचा उपदेश कर्त्याला आहे. मजुराने मजुरीची आसक्ती ठेवू नये असे सांगत मालकाने त्याची मजुरी बुडवली, तर त्याला कुणी गीतेचा अनुयायी म्हणणार नाही. सैनिकाने पदक नाकारावे, पेटीत टाकावे, त्याविषयी जन्मभर मौन पाळावे. तो त्याचा अधिकार आहे. शासनाला मात्र त्याच्या वतीने विरक्त होता येत नाही. पदक छातीवर लावणे हे फळ असेल, पण ‘हे घडले’ असे खरे लिहून ठेवणे हे नोंद ठेवणाऱ्याचे स्वतःचे कर्तव्यकर्म आहे. ते चुकले तर दोष त्याच्याकडे जातो.

अमेरिकी कायद्याने हे तत्त्व निदान कागदावर मान्य केले आहे. एकेका सैनिकाच्या नोंदीसाठी काँग्रेसमध्ये स्वतंत्र विधेयक आणण्याची जुनी पद्धत १९४६ मध्ये बंद झाली आणि नोंदी दुरुस्त करण्याचे काम नागरी सदस्यांच्या मंडळांकडे आले. चूक सुधारावी किंवा अन्याय दूर करावा, अशी त्यांची कक्षा आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो, पण न्यायाच्या हितासाठी ही मुदत शिथिल करता येते, आणि मृताचे वारसही अर्ज करू शकतात. माझे खरे भांडण पुराव्याच्या ओझ्याशी आहे. कार्यालयाने काम नीट केले असणार, हे गृहीत धरून मंडळ सुरुवात करते. ते तसे नव्हते हे अर्जदाराने सिद्ध करायचे. आता १२ जुलै १९७३ आठवा. त्या दिवशी सेंट लुईस येथील लष्करी सेवानोंदींच्या केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात होत्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्मही नव्हती. ज्याच्या ताब्यात कागद होता त्याच्याकडून तो जळाला, आणि पुरावा आणायचा सैनिकाने! हे कृतहानीला कार्यपद्धतीचे रूप देणे झाले. वेतनाची बिले, तुकडीचे रोजचे हजेरी-अहवाल, इस्पितळाच्या नोंदी यांवरून केंद्र अशा फायली पुन्हा उभ्या करते, हे काम मोठे आहे. पण जिथे मूळ कागद शासनाच्या हातून गेला, तिथे संशयाचा फायदा सैनिकालाच मिळाला पाहिजे.

‘मग खोटे दावेदार घुसतील’, हा आक्षेप वजनदार आहे. अकृताभ्यागमही दोषच आहे, आणि न लढता पदके मिरवणारे लोक अमेरिकेत इतके निघाले की त्यांच्याविरुद्ध २००६ मध्ये कायदा करावा लागला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या आधारे रद्द केला. पुढच्याच वर्षी आलेल्या नव्या कायद्याने लाभासाठी केलेल्या फसवणुकीला गुन्हा ठरवले. पण तोतयांचा खरा उपाय अचूक नोंद हाच आहे. जिथे खऱ्या वीरांची नावेच गळालेली असतात, तिथे नाव नसणे हा खोटेपणाचा पुरावा उरत नाही. दोन्ही दोषांवर औषध एकच.

माणूस गेल्यावर दुरुस्ती करून काय उपयोग, असेही विचारले जाते. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी सेवेत होते आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक त्यांच्यापैकी एकालाही मिळाले नव्हते. १९९३ मध्ये लष्कराने शॉ विद्यापीठाकडे याचा अभ्यास सोपवला आणि वंशभेद हे कारण स्पष्ट झाले. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सात जणांना ते पदक दिले, तेव्हा इटलीत लढलेले व्हर्नन बेकर एवढे एकच हयात होते. उरलेल्या सहांना त्याचा उपभोग शून्य. तरीही ती दुरुस्ती व्यर्थ नव्हती, कारण त्या रिकाम्या रकान्यातून पन्नास वर्षे एक असत्य बोलत होते: यांच्यात त्या तोडीचा शूर कुणी झाला नाही. ते असत्य जिवंतांना छळत होते. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर बहुधा नाव नसते, मग वीराला नावाची गरजच काय, असे कुणी म्हणेल. पण तो दगड वीराने मागितलेला नसतो. मागे राहिलेल्यांनी आपले कर्तव्य म्हणून तो उभा केलेला असतो. मी शासनाकडे तेवढेच मागतो आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न युद्धाचाच आहे. युद्ध अन्यायाचे असेल तर पदकाची नोंद दुरुस्त करणे म्हणजे त्याला साथ देणे नाही का? मला तसे वाटत नाही, मात्र अट अशी की सत्याचा हाच आग्रह उलट दिशेनेही चालला पाहिजे. १८९० मध्ये वुंडेड नी येथे लाकोटा या मूलनिवासी जमातीच्या स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली आणि त्या कारवाईसाठी सुमारे वीस सैनिकांना हेच सर्वोच्च पदक देण्यात आले. ती पदके रद्द व्हावीत ही लाकोटांची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. ‘झाले गेले, आता नोंद बदलू नका’ असे तिथे म्हणणाऱ्याला इथे दुरुस्ती मागण्याचा अधिकार नाही. नोंदी मागे जाऊन तपासता येत नाहीत, असेही नाही. १९१७ मध्ये लष्कराने फेरतपासणी करून ९११ जणांची ही पदके काढून घेतली. त्यात यादवी युद्धातील शल्यचिकित्सक मेरी वॉकर यांचेही होते. त्यांनी ते परत दिले नाही, मरेपर्यंत वापरले. १९७७ मध्ये ते त्यांना पुन्हा बहाल झाले. म्हणजे चूक होते, दुरुस्तीतही चूक होते, आणि तीही दुरुस्त करता येते.

१९४७ मध्ये असे ठरले की महायुद्धात लढाऊ पायदळाचा बिल्ला मिळवलेल्या प्रत्येकाला ब्राँझ स्टार पदकाचा हक्क आहे. बिल्ल्याची नोंद फायलीत असते, म्हणजे पुरावा शासनाकडेच असतो. तरी अर्ज सैनिकाने करायचा, असा शिरस्ता पडला, आणि आपल्याला असा काही हक्क आहे याचा पत्ता नसलेला माणूस अर्ज करणार तरी कसा? जिथे हक्क फायलीतच दिसतो आहे, तिथे शासनाने अर्जाची वाट न पाहता आपणहून नोंद पुरी करावी आणि पदक घरी पाठवून द्यावे.