घरटे : दान की परतफेड?

माउली, हल्ली मेहकरसारख्या गावातही बागेतल्या झाडांना पाखरांसाठी लाकडी पेट्या टांगलेल्या दिसतात. टांगणाऱ्याचा भाव चांगलाच असतो. पेटी टांगून झाली की ‘तेवढेच पुण्य’ असे सहज तोंडून निघते. त्या शब्दापाशी थोडे थांबू या. हे खरेच पुण्य आहे काय?

झाडाला भोक पाडून घर करणे हे तांबटाचे आणि सुताराचे काम. चिमणी, साळुंकी, दयाळ, पिंगळा यांना आयती पोकळी लागते. आपल्या वऱ्हाडातल्या मातीच्या भिंतींत, कवेलूंखाली, देवाच्या तसबिरीमागे चिमणीला ती मिळत असे. काडीकचरा खाली पडला तरी घरातली आजी घरटे काढू देत नसे. पुढे स्लॅब आला, फटी बुजल्या, पोकळ झालेली जुनी झाडे तुटली. तिला कुणी हाकलले नाही; फक्त तिच्यासाठी जागा ठेवली नाही. तेव्हा पेटी टांगणे हे दान नव्हे, घेतलेले परत करणे आहे. ऋण फेडणारा पुण्य मोजत बसत नाही.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांचा हा प्रश्न लोकांपुढे मांडला. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. पण परतफेड एका दिवसाची नसते, आणि ती घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे करावी लागते. चिमणीला भोक सव्वा इंचाचे पुरते. पेटी लाकडाची हवी. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याची पेटी म्हणजे तवाच. त्यात पिले भाजून निघतात. दुपारचे ऊन लागणार नाही आणि मांजर चढणार नाही अशी जागा पाहावी. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना अळ्या-किडे भरवते. बागेत विषारी फवारणी करायची आणि त्याच झाडाला पेटी टांगायची, म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून ताट रिकामे ठेवण्यासारखे आहे.

पेटीत बिऱ्हाड आले की दुसरी परीक्षा सुरू होते. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिले उडायला आणखी दोन. रोज झाकण उघडून पाहावे, मोबाइलवर फोटो काढावा, असे वाटते. अशा वेळी विठोबाकडे पाहावे. तो सारे पाहतो, आणि हात मात्र कमरेवर आहेत. आईबाप पाखरू चोचीत चारा घेऊन जवळच्या फांदीवर ताटकळत असेल, आत जात नसेल, तर समजावे की आपण फार जवळ आलो. मागे सरावे. तुकोबांना पाहून पाखरे उडाली, तेव्हा त्यांनी पाखरांना भित्री म्हटले नाही. उणीव स्वतःत शोधली आणि ती निर्भय होऊन अंगाखांद्यावर बसेपर्यंत ते स्तब्ध उभे राहिले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतोच.

आता सर्वांत अवघड गोष्ट. एखादे दिवशी साप पेटीत शिरतो, शिक्रा पिलू उचलतो. मग भूतदया कुणावर करायची? पिलावर की भुकेल्या सापावर? काठी हाती घेण्याआधी एवढे आठवावे, की शिक्र्याच्या घरट्यातही चोची उघड्याच असतात. सर्वांभूती भगवंत म्हणताना आपण त्यातून साप वगळला नव्हता. आपला धर्म पेटी टांगण्याआधीचा : जागा नीट निवडणे, मांजराची वाट अडवणे. तिथे हयगय झाली असेल तर दोष आपला. तिथे कसूर नसेल, तर पुढे जे घडते त्याचे दुःख करावे, पण न्यायनिवाडा करू नये. हे दुःख सोसणे हीसुद्धा सेवाच आहे. आपल्याला हवे तेच घडावे म्हणून केलेली सेवा हा सौदा होतो.

माउली, यंदा घराची डागडुजी काढाल तेव्हा गवंड्याला फट बुजवायला सांगण्याआधी एकदा वर पाहा. तिथे कुणाचा संसार असेल, तर महिनाभर काम थांबवा. नवी पेटी टांगण्यापेक्षा असलेले घर राखणे केव्हाही मोठे.

राम कृष्ण हरी.