पहिल्या शून्यानंतर

मावळात भाताची कापणी उरकून खाचरे वाळली की पोरांची मैदाने आपोआप तयार होतात. वडगाव, कामशेत, कार्ला, पवनेकाठची गावे. थंडीतल्या रविवारी कुठेतरी टेनिस बॉल स्पर्धेचा मांडव पडलेला असतो आणि स्पीकरवर समालोचन चाललेले असते. एखादा सतरा वर्षांचा मुलगा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत होतो आणि मांडवातून आवाज येतो, ‘‘ह्याच्यात काय दम नाय.’’ पुढच्या सामन्यात तोच मुलगा लागोपाठ तीन षटकार ठोकतो, तेव्हा तोच आवाज त्याला थेट आयपीएलमध्ये नेऊन बसवतो. पाळण्यातले पाय पाहण्याची आपल्याला भारी हौस. त्या पायांना चालायला किती दिवस लागतील, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही.

याच मावळात, द्रुतगती मार्गालगत, गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. १ मे २०२२ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, ऋतुराज गायकवाड तिथे चेन्नई सुपर किंग्जकडून खेळताना ५७ चेंडूंत ९९ धावा काढून बाद झाला. समोर सनरायझर्स हैदराबाद, आणि डेव्हॉन कॉनवेबरोबरची सलामीची भागीदारी १८२ धावांची. पुण्याचा मुलगा घरच्या मैदानावर शतकाला एका धावेने मुकला, म्हणून सगळे हळहळले. पण त्या मोसमात त्याच्या पहिल्या पाच डावांतल्या धावा होत्या ०, १, १, १६ आणि १७. तेव्हा त्याच्यासाठी हळहळणारे कितीजण होते? आदल्याच वर्षी ६३५ धावा काढून त्याने ऑरेंज कॅप मिळवली होती, तरीही.

ऋतुराजची सुरुवातीची वर्षे पाहिली की हा प्रश्न वारंवार समोर येतो. वडील संरक्षण संशोधन संस्थेत नोकरीला, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तो लहानपणापासून घडला. ‘खेळ कमी कर, अभ्यास वाढव’ असे आईवडिलांनी कधी म्हटले नाही, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये झारखंडविरुद्ध रणजी पदार्पण झाले, आणि त्याच सामन्यात वरुण ॲरनच्या चेंडूवर बोट मोडले. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांच्या मूळ किमतीला घेतले. पुढचा अख्खा मोसम बाकावर गेला. २०२० मध्ये संघ अमिरातीत पोहोचला आणि त्याला कोरोनाने गाठले. बरा होऊन मैदानात उतरला, तर पहिल्या सामन्यात भोपळाही फुटला नाही. दुसऱ्या सामन्यात पाच धावा.

१९ ऑक्टोबर २०२० रोजी राजस्थानकडून हरल्यावर कर्णधार महेंद्रसिंह धोनीने जाहीरपणे सांगितले की तरुण खेळाडूंमध्ये हवी ती ठिणगी दिसली नव्हती. तेवीस वर्षांच्या मुलाने हे ऐकले असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल? त्यानंतरच्या सामन्यात त्याला खेळवले आणि तो पुन्हा शून्यावर बाद झाला. तरीही दोन दिवसांनी बंगळूरुविरुद्ध सलामीला तोच उतरला. नाबाद ६५. मग ७२. मग नाबाद ६२. तिन्ही सामन्यांत सामनावीर.

यात मला मोलाचा वाटतो तो शून्य आणि पासष्ट यांच्यामधला निर्णय. धोनीचे बोल कडक होते, पण जागा काढून घेतली गेली नाही. टीका करणे आणि दार लावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गुरूने करावीच. दुसरी करण्याआधी त्याने शंभरदा विचार करावा. आता कुणी म्हणेल, चेन्नईची बाद फेरीची आशा मावळलीच होती, गमावण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून पोराला खेळवले. बरोबर आहे. पण मग एवढेही कबूल करायला हवे की त्यांचा संघ तेव्हा जिंकत असता, तर कदाचित हा फलंदाज आपल्याला दिसलाच नसता. गुण त्याच्यात होतेच. ते दिसायला चौथा डाव मिळावा लागला. २०२१ मध्येही तेच झाले : ५, ५, १० आणि मग ६४.

मावळातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आवणीत रोप उपटून खाचरात लावले की चार दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. त्या चार दिवसांत कुणी पीक गेले म्हणून रडत नाही आणि मूळ धरले की नाही हे पाहायला रोप उपटतही नाही.

घाईचा निकाल निंदेचाच असतो असे नाही. कौतुकही तितकेच घातक ठरते. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये चौदाव्या वर्षी हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात ५४६ धावा केल्या. त्याच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ धावा काढल्या. भारतीय संघाचे प्रशिक्षक रवी शास्त्री यांना त्याच्यात सचिन, सेहवाग आणि लारा असे तिघेही दिसले. अठरा वर्षांच्या खांद्यांवर आपण तीन माणसांचे आयुष्य ठेवले. पुढे बंदी आली, दुखापती आल्या, तंदुरुस्तीवरून बोलणी बसली, मुंबईच्या रणजी संघातून नाव गेले, आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात एकाही संघाने बोली लावली नाही. चुका त्याच्या होत्याच. त्या झाकण्यात अर्थ नाही. पण हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे आणि तो पडल्यावर हसणारे लोक तेच होते, हेही झाकू नये.

हाच पृथ्वी २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळू लागला. ऑक्टोबरात गहुंज्याला मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा केल्या. चर्चा झाली ती बाद झाल्यावरच्या बाचाबाचीची. त्याच महिन्यात चंडीगडविरुद्धच्या रणजी सामन्यात त्याने १५६ चेंडूंत २२२ धावा काढल्या. सामनावीर ठरला ऋतुराज, पहिल्या डावातल्या ११६ धावांसाठी. त्याने तो पुरस्कार पृथ्वीबरोबर वाटून घेतला. स्वतः तीन शून्ये पचवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वाईट दिवसांची किंमत कळते, असे मी त्यातून वाचतो. आणि जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत ७७ आणि ४९ धावा काढूनही पुढच्या दौऱ्यातून वगळले जाणे काय असते, हेही ऋतुराजने पाहिलेले आहे.

‘धीर धरला की फळ मिळतेच’ असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच, पूना क्लबच्या मैदानावर, भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना आयुष्यात एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तेव्हा तरुणाला वेळ द्यायचा तो फळाच्या हमीवर नव्हे. तो त्याचा हक्क आहे म्हणून द्यायचा.

आणि इथेच खरी नैतिक अडचण सुरू होते. वेळ सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. ऋतुराजच्या घरात दोन पगार होते आणि समजूतदार आईवडील होते. लोणावळ्याहून पहाटेची लोकल पकडून, खांद्यावर किट घेऊन चिंचवडला सरावाला जाणाऱ्या मुलाचे वडील तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर असतील, तर त्याला दोनच मोसम मिळतात. बॅट, पॅड, अकादमीची फी, प्रवास. हिशेब जुळला नाही की घरून निरोप येतो, ‘‘आता कामाला लाग.’’ त्याच्या पहिल्या शून्यानंतर दुसरा डाव बहुधा येतच नाही. निवड करणाऱ्यांपुढेही अकराच जागा असतात. एकाला थांबवले तर दुसरा बाहेर बसतो. म्हणून ओळखीच्या घरच्या मुलासाठी चार संधी आणि अनोळखी मुलासाठी एक, असा धीर असेल तर त्याला धीर म्हणू नये. तो वशिला आहे. जितके डाव एकाला, तितकेच दुसऱ्याला, हा साधा नियम आधी ठरवून पाळला, तर निवड समितीचे निम्मे पाप टळेल.

क्रिकेट हे निमित्त. नव्याने लागलेली शिक्षिका, पहिल्या वर्षाचा वकील, दुकानात ठेवलेला पोऱ्या, या सगळ्यांचे निकाल आपण पहिल्या आठवड्यातच लावतो आणि मग त्या निकालाला धरून बसतो. पुढे त्यांनी कितीही चांगले काम केले तरी आपल्याला ते अपवाद वाटते.

या हंगामात मावळात जितक्या स्पर्धा होतील, तिथल्या मंडळांना आणि अकादम्यांच्या प्रशिक्षकांना माझी एक विनंती आहे. जो मुलगा या रविवारी शून्यावर बाद होईल, त्याचे नाव पुढच्या रविवारच्या यादीत राहू द्या. तो कुणाचा मुलगा आहे हे न विचारता.