लुडबूड की सेवा?



घरात दोन-अडीच वर्षांचं लेकरू असेल तर हे आपण रोज पाहत असाल. केर काढायला लागलो की ते धावत येऊन केरसुणी धरतं. कणीक मळायला बसलो की परातीत हात घालतं. धुतलेली वाटी उचलून पुन्हा मोरीत नेऊन ठेवतं. आणि आपण म्हणतो, "जा बाळा, तिकडे खेळ. लुडबूड करू नकोस." यात चूक तरी काय? त्याच्या मदतीनं दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो.

मीही माझ्या मुलाला हेच म्हणत आले. तुळशीला पाणी घालायला तो तांब्या घेऊन यायचा, निम्मं पाणी ओसरीवर सांडायचा, आणि मी तांब्या काढून घ्यायची. पुढं बारा वर्षांचा झाल्यावर तो जेवलेलं ताट तसंच टाकून उठू लागला, तेव्हा त्याला आळशी म्हणणारीही मीच. ज्या हातातला तांब्या मी काढून घेतला, त्याच हातानं ताट उचलावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणत होते?

आता देवळातलं पाहा. हरिपाठाला लहान पोर टाळ घेऊन बसतं. त्याचा ठेका चुकतो, मधेच ते टाळ चाटूनही बघतं. कोणी त्याच्या हातातून टाळ काढून घेतं का? बुवा हसतात, पखवाजवाला जरा जोरात थाप देतो, भजन पुढं चालतं. काही वर्षांनी तेच पोर दिंडीत पावली खेळताना दिसतं. हा धीर देवळात आपल्यापाशी असतो, मग मोरीपाशी कुठं जातो? मला वाटतं, भजन ही आपल्याला सेवा वाटते आणि घरकाम म्हणजे उरकून टाकायची कटकट. अरणच्या सावता महाराजांनी मळा आणि देव वेगळे मानले नाहीत, हे आपण कीर्तनात मान डोलावून ऐकतो. जनाबाईंच्या जात्याला देवानं हात लावला, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरलं. तुला दळता येतं का, कावड झेपेल का, असं देवाला कोणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या अभ्यासकांनी २००६ साली अठरा महिन्यांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडे आणि त्याचा हात तिथवर पोचत नसे. बहुतेक मुलांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. कोणी सांगितलं नव्हतं, खाऊही ठेवला नव्हता. २००८ साली त्यांनी वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल बक्षीस दिलं. बक्षीस मिळालेली मुलं पुढं, काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी मदत करू लागली.

माउली, फळाची आशा न धरता कर्म करावं म्हणून आपण जन्मभर पारायणं करतो. ते या लेकराला आपसूक येतं. आणि आपण त्याला शिकवतो काय, तर "खेळणी उचललीस तर चॉकलेट देईन." (मीही दिलंय. लपवत नाही.)

याचा अर्थ लेकराला कामाला जुंपावं असा नाही. विळी, गॅस, उकळतं पाणी यांपासून ते लांबच हवं. ते कंटाळून उठलं तर उठू द्यावं. पण ओलं फडकं, मेथीची जुडी, घडी घालायचे रुमाल एवढं त्याच्या वाट्याला ठेवता येतं. नातीच्या हाती केरसुणी आणि नातवाच्या हाती मोटार, हा भेदही मग आपसूक ध्यानात येतो. सांडेल, त्याला इलाज नाही. तो अर्धा तास मात्र आपल्यालाच काढावा लागतो. सकाळी डबे करून कामावर जाणाऱ्या सुनेकडून मी रोज तो मागणार नाही, पण आम्हा म्हाताऱ्यांकडे वेळच वेळ आहे.

परवा दशमीला मी उद्याच्या खिचडीसाठी शेंगा फोडत बसले होते. अडीच वर्षांची नात शेजारी येऊन बसली. ती दातांनी शेंग फोडायची, एक दाणा ताटलीत, एक तोंडात. टरफलं घरभर. मुलगा कामावरून आला आणि दारातच उभा राहिला. तिनं त्याच्यापुढं एक शेंग धरली आणि म्हणाली, "बाबा, तू पण." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तिथंच टरफलांत बसला.