साथीदाराचें ऋण

ज्याच्या कलेनें आपणांस आनंद दिला, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि लागत असलों, तर त्याच्या मरणानंतर केलेल्या स्मरणानें तें फिटतें काय? प्रश्न दिसण्यांत सोपा आहे. परंतु विचार करूं लागलें म्हणजे तो चांगलाच अवघड होऊन बसतो. आमच्या मनांत तो उत्पन्न होण्यास निमित्त झालें एका अमेरिकन वादकाचें.

क्लाइड स्टबलफील्ड हा ड्रमवादक १८ फेब्रुवारी २०१७ रोजीं विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन शहरीं वयाच्या ७३ व्या वर्षीं वारला. त्याच्या चाहत्यांनीं केलेलें स्मरण वाचतांना एक कबुली आम्हांस पुनःपुन्हां आढळली. या माणसाचें वादन आपण वर्षानुवर्षें ऐकत होतों, त्यावर नाचत होतों. पण त्याचें नांव मात्र फार उशिरां कळलें, असें ते म्हणत होते. शोकाबरोबर थोडी लाजही त्यांत होती, आणि या लाजेनेंच आम्हांस विचारांत पाडलें.

फंक हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजानें १९६० नंतरच्या दशकांत घडविलेलें संगीत. त्यांत स्वरापेक्षां ठेक्याचें राज्य असतें, आणि पहिल्या मात्रेवर सारा भार पडतो. समेवर मान हलविण्याची संवय असलेल्या आमच्यासारख्यांस त्यांतली मौज कळण्यास फार आयास पडत नाहींत. क्लाइडचा जन्म १९४३ सालीं टेनेसींतील चॅटानूगा गांवीं झाला. कारखान्यांची धडधड आणि आगगाडीची लय हेच त्याचे पहिले गुरु. १९६५ त तो विख्यात गायक जेम्स ब्राऊन याच्या वाद्यवृंदांत शिरला. २० नोव्हेंबर १९६९ रोजीं सिनसिनाटी येथें ‘फंकी ड्रमर’ या गीताचें ध्वनिमुद्रण झालें. त्यांत एके ठिकाणीं ब्राऊननें इतरांस थांबवून ड्रमवाल्यास एकट्यास वाजवूं दिलें. अवघीं वीसएक सेकंदें!

पुढें पंधराएक वर्षांनीं, मुद्रित ध्वनीचा तुकडा कापून तो यंत्रानें हवा तितका फिरविण्याची सोय झाली, आणि हिप्-हॉप संगीतकारांनीं हीं सेकंदें उचललीं. हजाराहून अधिक गीतांत तीं वापरलीं गेलीं असें सांगतात. परंतु कागदोपत्रीं गीताचा कर्ता ब्राऊन. ठेक्यास स्वतंत्र रचना मानण्याचा प्रघात नाहीं. आणि मुद्रणाची मालकी कंपनीची. ज्याच्या हातांनीं तें वाजविलें त्याच्या पदरीं जवळजवळ कांहींच पडलें नाहीं. पैशाचें विशेष नाहीं, तबकडीवर आपलें नांव असतें तर बरें झालें असतें, असें तो म्हणे.

यावर कोणी म्हणेल कीं, त्याला वेतन मिळालें होतें. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो. पुढें त्या घरांत कोण सुखानें नांदतो याचा हिशेब त्याला कोण देतो? आक्षेप पोकळ नाहीं. व्यवहार एकदां पुरा झाला कीं तो पुरा झालाच पाहिजे, नाहीं तर कोणताच व्यवहार उभा राहणार नाहीं. पण येथें दुसऱ्या घरासाठीं गवंड्याचे तेच हात पुन्हां राबविले गेले, आणि तेंही हजार वेळां, त्याला न विचारतां! शिवाय श्रोत्यांचा त्याच्याशीं करार झालाच नव्हता. त्यांचें देणें कराराचें नव्हे, कृतज्ञतेचें आहे. आपल्या शास्त्रकारांनीं ऋषिऋण म्हणून एक ऋण सांगितलें आहे. तें द्रव्यानें फिटत नाहीं. जें मिळालें तें शिकून पुढें देण्यानें फिटतें. परंतु विद्या पुढें देतांना जिच्या हातून ती आली ती परंपराही सांगावी लागते. क्लाइडचा ठेका पुढें गेला; नांव मागें राहिलें.

याच कथेंत दुसरेंही एक झांकलेलें नांव आहे. सन २००० च्या सुमारास क्लाइडला कर्करोग झाला, तेव्हां उपचारांचें देणें गायक प्रिन्स यानें परभारें चुकतें केलें. ही गोष्ट लोकांस कळली ती प्रिन्स २०१६ त वारल्यावर. दोघांचींही नांवें झांकलेलीं. पण दोहोंत केवढें अंतर! आपलें नांव आपण झांकणें याला आम्ही दान म्हणतों. दुसऱ्याचें नांव झांकणें याला मात्र अपहार म्हणावें लागेल, मग कायदा कांहींही म्हणो.

तेव्हां चाहत्यांचें स्मरण म्हणजे मृतावर केलेला उपकार नव्हे. अपहृत वस्तु परत करण्याचा तो प्रयत्न आहे, आणि म्हणून योग्यच आहे. पण घेणारा हात आतां पुढें होत नाहीं, हें त्यांतलें दुःख. मे २०१७ मध्यें मॅडिसनच्या विद्यापीठानें त्याला मरणोत्तर सन्मान्य पदवी दिली. विद्यापीठें उशीर कसा करतात हें आम्हांस घरचेंच ठाऊक आहे! त्याच गांवांत वर्षानुवर्षें सोमवारीं रात्रीं तो वाजवीत असे, आणि कांहीं लोक नेमानें ऐकावयास जात. आमच्या मतें खरें ऋण फेडलें तें त्यांनीं.

हें लिहितांना आम्हांस स्वतःचीच आठवण होते. आमच्या घरीं नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या होत्या. गायकांचीं नांवें आम्हांस आजही पाठ आहेत. मागें तबला कोण वाजवीत होता असें कोणीं विचारलें तर मात्र गप्प बसावें लागतें. तबकडीवर तें बहुधा छापलेलें नसे, हें खरें. पण आम्हींही तें कधीं विचारलें नाहीं. परवां एका मैफलीनंतर गर्दी गायकाभोंवतीं जमली असतां आम्ही साथीदाराकडे गेलों आणि त्यांचें नांव विचारलें. त्यांना नवल वाटलेलें दिसलें. त्यांनीं तें दोनदां सांगितलें.