अलीशाने पैसे दिले नाहीत



सावकार दोन्ही मुलांना गुलाम करून नेणार, म्हणून एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे आली (2 राजे 4:1-7). त्याने पैसे दिले नाहीत. घरात काय शिल्लक आहे ते विचारले. थोडे तेल होते. (तेलाचे मोल अमळनेरला काय सांगावे! विप्रोची सुरुवात 1945 मध्ये इथल्याच तेलाच्या धंद्यातून झाली.) लाज बाजूला ठेवून ती रिकामी भांडी मागायला शेजारी गेली. तेल विकून आधी देणे फेडायचे, उरेल त्यावर घर चालवायचे.

आपण बचत गटाचा हप्ता भरायला हातउसने घेतो आणि घरातही लपवतो. नवराबायकोने मिळून सगळे देणे वहीत लिहा. जास्त व्याजाचे आधी फेडा. विनापरवाना सावकारी 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे. परवाना असलेल्याकडूनही प्रत्येक वेळी पावती घ्या.